मृगाच्या आधीची खरेदी : नावाचा माल कुठं घ्यावा, साधा कुठं चालते?

पऱ्हाटीवाला (घाटंजी)
राम राम मंडळी. मृग दहा दिवसांवर आलं. काल रात्री वही घेऊन बसलो अन् खर्चाची यादी काढली. बियाणं, खत, फवारणीची औषधं, विहिरीवरची मोटर, बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, पोरीची शाळेची बॅग, घरचा किराणा. प्रत्येक ओळीपुढं दोन आकडे लिहिले. एक नावाच्या कंपनीचा, एक साध्या मालाचा. बेरीज केली तं फरक साडेअकरा हजारांचा. तीन एकर कोरडवाहू अन् दोन एकर ओलीत असलेल्या माणसाले हे पैसे म्हणजे निंदणाची एक अख्खी पाळी.

पण डोळे मिटून स्वस्त घ्यायची हिंमत होत नाही. मागच्या साली ३ एचपीची मोटर घेतली, नावाच्या मोटरीपेक्षा साडेतीन हजारांनी कमी. हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याले जळली. घाटे भरायच्या दिवसांत आठ दिवस पाणी नाही. जे गेलं ते मोटरीच्या किमतीपेक्षा जास्त गेलं. त्याच्या उलट, फवारणीचा बॅटरी पंप असाच बिनानावाचा घेतला होता, तो तिसऱ्या हंगामातही चालू आहे. फक्त दोनदा वायसर बदललं.

दोन्ही वस्तू देताना दुकानदार एकच बोलला होता, ‘काही फरक नाही भाऊ.’ एकदा खरं निघालं, एकदा खोटं. विकत घेतल्यावर सगळ्यांनाच कळते. घ्यायच्या आधी कसं ओळखायचं, ते सांगा.

काळी माती
खतापासून सुरू करा, तिथं सगळ्यात सोपं आहे. युरिया कोणत्याही कंपनीचा घ्या, नत्र ४६ टक्केच. ४५ किलोची नीमकोटेड गोणी २६६ रुपये ५० पैसे, सगळ्यांची सारखी. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तं अनुदानाच्या सगळ्या गोण्यांवर ‘भारत युरिया’, ‘भारत डीएपी’ असंच मोठ्या अक्षरात येते, कंपनीचं नाव खाली बारीक. तरी आमच्या गावात अजून लोक ‘अमुकचाच डीएपी पायजे’ म्हणून चार-चार दिवस थांबतात अन् पेरणीची ओल घालवतात. डीएपी म्हणजे १८ टक्के नत्र अन् ४६ टक्के स्फुरद, गोणी कोणाची का असेना.

वऱ्हाडी ठेचा
काळी माती भाऊ, बराबर बोलले. पण गोणी घ्याले गेलं की दुकानदार म्हणते, युरियासोबत ही टॉनिकची बाटली घ्याच. मले मागच्या साली दोन बाटल्या गळ्यात मारल्या. सहाशे रुपये. युरियाचा भाव सरकारनं बांधला, बाटलीचा कोण बांधन?

काळी माती
ती लिंकिंग झाली, अन् ती चूक आहे. बिल मागा. बिलावर बाटली वेगळी लिहायला लावली की अर्ध्या वेळा तो आपणहून काढून घेते. अन् बाटलीवर आत काय आहे, किती टक्के आहे, हे लिहिलेलं नसेल तर ती फुकट दिली तरी पिकावर मारू नका. असली जैव-उत्तेजकंही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. खऱ्या मालावर सगळं छापलेलं असते.

गोळी-औषध
मी तालुक्याच्या गावात मेडिकलवर काम करतो, म्हणून बाबांच्या गोळ्यांचं बोलतो. पानावर एक नाव कंपनीनं ठेवलेलं असते, त्याच्या जवळच औषधाचं खरं नाव असते. बीपीसाठी समजा अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. हे नाव अन् हा आकडा वहीत उतरवून घ्या आणि जनऔषधी केंद्रात जाऊन तेच मागा. बाजारातल्या नावाच्या गोळीपेक्षा निम्म्याहून कमी भावात मिळते, काही गोळ्या तर त्याहूनही खूप स्वस्त. महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्यांमध्येच खरी बचत आहे. सर्दीच्या चार गोळ्यांत दहा रुपये वाचवून काही होत नाही.

पूर्णाकाठ
माझा अनुभव वेगळा आहे. आईची शुगरची गोळी बदलली. तीच मेटफॉर्मिन, तीच ५०० ची. महिनाभरात पोट बिघडलं आणि शुगरही वर गेली. परत जुनी सुरू केली तेव्हा ठीक झालं. त्यामुळे ‘औषध एकच असतं’ हे मला पटत नाही.

गोळी-औषध
पूर्णाकाठ, दोन्ही पानं घरात असतील तर एक बघा. जुन्या पानावर आकड्यानंतर एसआर किंवा एक्सआर लिहिलंय का? ती हळूहळू विरघळणारी गोळी असते. साधी मेटफॉर्मिन एकदम सुटते, त्यानं पुष्कळांचं पोट बिघडते.

पूर्णाकाठ
आत्ता पाहिलं. जुन्यावर एसआर आहे, नव्यावर नाही. दीड वर्ष मी स्वस्त गोळीला दोष देत होतो.

गोळी-औषध
हे रोज घडते, अन् चूक तुमची नाही. देणाऱ्यानं तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. पऱ्हाटीवाला भाऊ, म्हणून नाव, आकडा आणि मागचं अक्षर तिन्ही जुळले पाहिजेत. आणखी एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. थायरॉइडची गोळी, फिट्सची गोळी आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन या तिन्हींमध्ये आपल्या मनानं कंपनी बदलू नका. यांत मात्रेचा थोडासा फरकही अंगावर येतो. डॉक्टरांना विचारून बदला आणि नंतर तपासणी करून घ्या.

मोटरवाला मिस्त्री
हरभऱ्याची गोष्ट वाचून जीव तुटला. माझ्याकडे दर हिवाळ्यात अशा मोटरी येतात, म्हणून जरा मोकळं लिहितो.

तुमची मोटर अॅल्युमिनिअम वाइंडिंगची असणार. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या मानानं अॅल्युमिनिअमची तार जेमतेम साठ टक्के वीज वाहून नेते. शहरात व्होल्टेज पक्कं असते तिथं ती निभून जाते. आपल्याकडे लाईन रात्रीची येते, सगळा शिवार एकाच वेळी मोटरी चालू करते, व्होल्टेज पडते. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त करंट ओढते, तार तापते, वार्निश जळते. म्हणजे मोटर वाईट होती असं नाही, आपल्या लाईनीसाठी ती बनलेलीच नव्हती.

घ्यायच्या आधी काय बघायचं ते सांगतो. वजन बघा. एकाच एचपीच्या दोन मोटरी उचलून पाहिल्या की हाताला कळते. नेमप्लेटवर आयएसआय मार्क आणि त्याखाली सीएम/एल नंबर असते, तो बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा, कंपनीचं नाव तिथं जुळलं पाहिजे. दुकानदाराला बिलावर ‘कॉपर वाइंडिंग’ लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. जमलं तर मिस्त्रीला सोबत न्या. मोटर उघडून वाइंडिंगच्या तारेचं टोक ब्लेडनं खरवडलं की आत लाल निघते का पांढरं ते दिसते. जरा खोलवर खरवडा, वरून तांब्याचा मुलामा दिलेली तारही येते.

हे सगळं जुळलं तर बिनानावाची मोटर खुशाल घ्या. कोइंबतूर, राजकोटच्या छोट्या कारखान्यांच्या चांगल्या मोटरी माझ्या हातून गेल्या आहेत, दहा-दहा वर्षं चालल्या. आणि नावाच्या कंपनीच्या सगळ्याच मोटरीत तांबं असते असंही समजू नका, स्वस्त मॉडेलात तेही अॅल्युमिनिअम घालतात.

वऱ्हाडी ठेचा
मिस्त्री भाऊ, तुमी तं नुसतं ब्लेड घेऊन दुकानात या, दुकानदार पळून जाईन 😄

ट्रॅक्टर पार्ट
या धाग्यावर एक गोष्ट कोणी वेगळी केली नाही, ती करतो. लोकल आणि डुप्लिकेट हे दोन शब्द आपण एकच समजून वापरतो. लोकल म्हणजे ज्यानं बनवलं त्यानं स्वतःचं नाव टाकलं, भाव कमी ठेवला. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव चोरून टाकलं. लोकल बेअरिंग घेतलं तर मला माहीत असते की हे एक हंगाम चालणार, तसे पैसे देतो. डुप्लिकेट बेअरिंगला मी ओरिजिनलचे पैसे देतो आणि ते लोकलपेक्षाही आधी जाते. गेल्या सात वर्षांत काउंटरवर जेवढे भांडणारे आले, त्यातले बहुतेक नावाच्या डबीत डुप्लिकेट घेऊन फसलेले होते. साधा माल जाणूनबुजून घेतलेला माणूस भांडायला येत नाही.

रोटाव्हेटरची पाती, डवऱ्याची पास, विळा, नट-बोल्ट हे लोकल घ्या, आपल्या गावच्या लोहाराचं घ्या. झिजलं तर डोळ्याला दिसते, बदलता येते. इंजिनच्या आतलं काही असेल, पिस्टन रिंग, ऑइल फिल्टर, तिथं मी स्वतःच्या घरच्या ट्रॅक्टरला लोकल टाकत नाही. ते बिघडलेलं दिसत नाही, इंजिन बसल्यावरच कळते.

पऱ्हाटीवाला (घाटंजी)
ट्रॅक्टर पार्ट भाऊ, हे फार कामाचं सांगितलं. माझा पंप का चालला अन् मोटर का गेली ते आता लक्षात येऊन राहिलं. पंपाचं वायसर गेलं तं मले दिसत होतं, दहा रुपयांत बदलत होतो. मोटरीच्या आतली तार मले कधीच दिसली नाही.

वायगावची सून
किराण्याकडे कोणी वळेना म्हणून मी लिहिते. माझं सासर समुद्रपूर तालुक्यात, वायगावच्या हळदीच्या मुलखात. आमच्याकडे पाकिटाची हळद कोणी आणत नाही. ओळखीच्या घरून हळकुंडं आणायची, चक्कीवर दळून घ्यायची. रंग गडद, वास घरभर, भाजीला चिमूटभर पुरते. त्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे, पण आमच्या सासूबाईंना त्याआधीपासून माहीत होतं. तिखटाचंही तसंच, भिवापूरची मिरची सुकवून, देठ काढून कांडून घ्यायची.

पण बाजारात पोत्यात उघडी ठेवलेली पिवळीधमक हळद मात्र मी घेत नाही. अख्खं हळकुंड डोळ्यांनी पाहता येते, दळलेल्यात काय मिसळलं ते कसं पाहणार? अख्खं मिळत नसेल तर पाकिटाचंच घ्या, चौदा आकडी एफएसएसएआय नंबर बघून. सुटं तेलही घेऊ नका. घाणीवर आपल्यासमोर काढून दिलं तर गोष्ट वेगळी.

अकोल्याची लेक
वायगावची सून, मनातलं बोललात. आमच्या बचत गटाच्या शेवया, लोणचं, मुगवड्या यांवर कोणतंच मोठं नाव नाही, म्हणून दुकानदार ठेवून घेत नाही. पण ज्या घरात एकदा गेलं तिथून दरवर्षी मागणी येते. स्वस्त आणि बिनानावाचं म्हणजे हलकं, असं कृपया कोणी धरू नका. आम्ही ते आमच्या लेकरांना खाऊ घालतो तेच विकतो.

स्वयंपाकघरात मी दोनच ठिकाणी आयएसआय बघितल्याशिवाय हात लावत नाही, कुकर आणि गॅसची नळी. नळी ती नारिंगी सुरक्षा वाली घ्यायची, तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची. आमच्या शेजारी बाजारातली साधी हिरवी नळी लावली होती. उंदरानं कुरतडली. बरं झालं वास लवकर आला.

घाटावरचा
हेल्मेटही त्यात जोडा. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयाला टांगलेलं असते ते हेल्मेट नव्हे, टोपी आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदेशीर आहे, तरी विकतात. आमच्या गावचा एक जवान पोरगा लग्नावरून येताना पडला, डोक्यात हेच होतं. फुटून दोन तुकडे झाले. पोरगा वाचला, पण सहा महिने त्याला घरच्यांची नावं आठवत नव्हती. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

कपाशी-सोयाबीन
बियाण्यावर येऊ का? यादीत पहिलं तेच आहे.

सोयाबीन सरळ वाणाचं असते, संकरित नाही. म्हणून घरचं निवडलेलं बियाणं दोन-तीन वर्षं बिनधास्त वापरता येते. तिथं थैलीचे पैसे देणं मला पटत नाही. फक्त उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा, सहाव्या-सातव्या दिवशी मोजा. सत्तर किंवा जास्त चांगले कोंब आले तर एकरी ३० किलो पुरते. कमी आले तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते बाजारात विकून टाका. सोयाबीनचं साल फार पातळ असते, पोती आपटू नका.

कपाशीचं उलटं आहे. ती संकरित, घरची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत. आणि तिथं भावाची स्पर्धाच नाही, बीटीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. २०२५ च्या हंगामाला ४७५ ग्रॅमचं पाकीट ९०१ रुपयांचं होतं, नामांकित असो की नवीन. म्हणून कोणी जास्त मागितले तरी देऊ नका, आणि कोणी फारच कमीत दिलं तरी घेऊ नका.

रातराणी
कमीत मिळते ना. आमच्याकडे चोर बीटी सगळे लावतात. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटीले काही होत नाही. निंदणाले बाया भेटत नाहीत, मजुरी परवडत नाही. तुमी म्हणता घेऊ नका, मंग तण काय तुमी काढून देता?

कपाशी-सोयाबीन
रातराणी, तुमची अडचण खरी आहे, निंदणाच्या दिवसात मीही दारोदार फिरलो आहे. पण ते बियाणं मंजूर नाही, म्हणून त्याला बिल नाही, टॅग नाही, लॉट नंबर नाही. निम्मं उगवलंच नाही तर कोणाकडे जाल? मंजूर बियाणं फसलं तर तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्यासाठी बिल, रिकामं पाकीट, टॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवावं लागते. चोर बीटीत मागच्या साली माझ्या चुलतभावाच्या दोन एकरात तणनाशक मारल्यावर तणासोबत पऱ्हाटीही जळाली. पाकिटात साधीच सरकी भरलेली होती. ज्यानं विकली, तो दुसऱ्या दिवशी फोन उचलेना.

रातराणी
हे असं झालेलं आमच्या गावातही आहे. खोटं नाही बोलत. पण मजुरीचा इलाज सांगा कोणीतरी, तोवर लोक लावतीलच.

काळी माती
त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. डवऱ्याचे फेर वेळेवर आणि मंजूर तणनाशक पेरणीनंतर लगेच, याचा हिशोब माझ्याकडे मांडलेला आहे.

फवारणी जपून
फवारणीच्या औषधांचं राहिलं. तिथंही गोळ्यांसारखंच, आतल्या घटकाचं नाव आणि टक्के बघा. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल दहा कंपन्या विकतात, भावात दुपटीचा फरक असतो. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, तारीख असेल, सील पक्कं असेल, तर मी स्वस्तातलं घेतो. सुटं ओतून दिलेलं, लेबल नसलेलं कधीच नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, ते दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले आहेत. डॉक्टर पहिला प्रश्न विचारत होते, ‘काय फवारलं?’ आणि नातेवाइकांना सांगता येत नव्हतं. लेबलवर उतारा लिहिलेला असतो. त्रिकोणाचा रंग बघा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारायच्या आधी डब्याच्या लेबलचा फोटो घरी कोणाला तरी पाठवून ठेवा.

मास्क, हातमोजे, चष्मा यांत मात्र साधं घ्यायला हरकत नाही, पण घ्या. चांगलं परवडत नाही म्हणून काहीच न घालणं, हे मी जास्त पाहतो.

मास्तर (दारव्हा)
शाळेच्या बॅगेबद्दल लिहितो. वह्या कुठल्याही घ्या, कागदाची जाडी आणि पानं मोजून घ्या, वरच्या चित्राचे पैसे देऊ नका. बॅगेची चेन आणि पट्ट्याची शिलाई ओढून बघा. गावातल्या शिंप्याकडून जाड कापडाची शिवून घेतलेली बॅग माझ्या वर्गात चार-चार वर्षं चाललेली आहे. फक्त एक विनंती. पोरीला सोबत न्या, तिला निवडू द्या. बापानं आणलेल्या स्वस्त बॅगेवरून पोरं चिडवतात, पण बॅग स्वतः निवडलेली असली की ती त्यांना उत्तर देते. हे मी दरवर्षी जूनमध्ये पाहतो.

पऱ्हाटीवाला (घाटंजी)
सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी परत आलो, कारण आधी करून पाहायचं होतं.

बाबांच्या गोळ्या जनऔषधीतून आणल्या. नाव, आकडा, मागचं अक्षर जुळवून. बीपीची बदलली. शुगरची एसआर तिथं त्या दिवशी नव्हती, म्हणून जुनीच ठेवली. मोटर तांब्याची घेतली, फार नावाची नाही पण आयएसआयची. पहिल्या दुकानदारानं बिलावर कॉपर लिहायला नकार दिला, दुसऱ्यानं लिहून दिलं. पोरगी अन् मी बाजारात गेलो, तिनं दोनशे ऐंशीची बॅग निवडली. मी तिच्यासाठी सातशेची मनात धरून गेलो होतो. सोयाबीनचे दाणे परवा गोणपाटात मांडले आहेत.

एक राहिलं. ओलितातल्या दोन एकराले ठिबकच्या नळ्या घ्यायच्या आहेत. त्यात साधं चालते का?

मोटरवाला मिस्त्री
नळीवर आयएस १३४८८ हा मानकाचा आकडा छापलेला पाहिजे, ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा. नसलेली नळी अनुदानालाही धरत नाहीत. भंगार प्लास्टिकची नळी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन वर्षांत तडकते, वाकवली की कडकन मोडते. दुकानातच एक तुकडा मुठीत दाबून, वाकवून बघा. छाप असेल आणि नळी लवचीक असेल तर कंपनी लहान असली तरी घ्या. फिल्टरमध्ये मात्र पैसे वाचवू नका. विहिरीचं पाणी गढूळ असेल तर नळी कोणतीही असो, छिद्रं बुजणारच.

कपाशी-सोयाबीन
गोणपाटाचं काय झालं ते कळवा. वाण कोणता?

पऱ्हाटीवाला (घाटंजी)
जेएस-३३५, घरचंच. आज सातवा दिवस, सकाळी पोरीनं मोजले. शंभरातून एक्क्याऐंशी.

वायगावची सून
छान झालं भाऊ. माझं माहेर घाटंजीकडेच आहे. या दिवसांत एकदा येणं होईल, बाबांसाठी किलोभर हळकुंडं घेऊन येते. दळून घ्याल तेव्हा चक्की आधी पुसून घ्यायला सांगा, नाहीतर त्यात आधीचं तिखट येते.